कॅसिनोंची स्थाननिश्चिती (गोवा)

कॅसिनोंची स्थाननिश्चिती (गोवा) : कॅसिनोंना परवानगी द्यायची जागा ठरविण्याचे सरकारी धोरण व त्यावरील सार्वजनिक वाद.

गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम, १९७६ अन्वये जुगारास बंदी आहे. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्ते, रूलेट यांसारख्या टेबलावरील खेळांना मुभा मिळाली. त्यामुळे जागेनुसार खेळांचे स्वरूप बदलले. प्रत्यक्षात ही जहाजे खोल समुद्राऐवजी पणजीजवळ मांडवी नदीच्या पात्रात नांगरून राहिली. तेथे पाणी शांत असते, पावसाळ्यातही धंदा चालू राहतो आणि शहरातील धक्क्यावरून गिऱ्हाइकांना होडीने नेता येते.

याच कारणांनी विरोधही वाढला. नदीचे प्रदूषण, जलवाहतुकीस अडथळा, किनाऱ्यावरील वाहनांची गर्दी व तरुणांवरील परिणाम हे मुख्य आक्षेप होत. जहाजे हलविण्याची आश्वासने वारंवार दिली गेली; परंतु पर्यायी जागा न ठरल्याने मुदतवाढ मिळत गेली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे.

याउलट शेजारच्या महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधीच अंमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला.

गोव्यात महसूल व रोजगार राज्याच्या पदरी पडतात, तर गर्दी व प्रदूषण परिसराच्या वाट्याला येतात. म्हणून जागेच्या निर्णयात तेथील रहिवाशांचे मत आणि नदीची धारणक्षमता यांना अग्रक्रम देणे न्याय्य ठरते.