यंत्रांचें पाणी आणि त्याची परीक्षा

आजचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. मोठीं गणकयंत्रें निवविण्यासाठीं त्यांच्यामधून जो द्रव खेळवितात, त्याची परीक्षा कशी करतात व निगा कशी राखतात, हा तो विषय होय. बँकेंतील आपला हिशेब, आगगाडीचें आरक्षण, इस्पितळांतील कागदपत्रें हीं सर्व आतां ज्या यंत्रशाळांत सांभाळलीं जातात, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. तेथील नव्या यंत्रांचें आयुष्य या द्रवाच्या प्रकृतीवर अवलंबून राहूं लागलें आहे, म्हणून हा प्रपंच.

१९४६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एनिअॅक नांवाचें गणकयंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. ही सारी वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडे. पण यंत्र एका मोठ्या दालनाच्या भिंतीभिंतींनीं पसरलेलें असल्यामुळें ती घालविण्यास पंखे पुरत. २०२४ सालीं एन्व्हिडिया कंपनीनें जाहीर केलेल्या एकेका कपाटाला सुमारें १२० किलोवॅट वीज लागते. दालनभर पसरलेली उष्णता एका कपाटांत येऊन बसली. येथें वारा थकतो. एक घनफूट पाणी एका अंशानें तापतें, तेवढ्या उष्णतेंत सुमारें साडेतीन हजार घनफूट हवा तितकीच तापते. पाण्याला शरण जाण्याचें कारण एवढ्या हिशेबांत आलें.

पण पाणी आलें कीं त्याच्या पाठोपाठ गंज येतो आणि शेवाळही येतें. हा अनुभव गणकयंत्रांहून कितीतरी जुना आहे. ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं अलार्म नांवाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनीं पाहतात तों तांबें शाबूत, आणि त्याला टेकलेले लोखंडी खिळे मात्र झिजून गेलेले! दोन निराळे धातू खाऱ्या पाण्यांत एकमेकांस चिकटून राहिले कीं त्यांतील एक दुसऱ्यासाठीं आपली आहुति देतो. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यानें याच गोष्टीचा बुद्धिपुरस्सर उपयोग केला. तांब्याला त्यानें लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. ते झिजले, तांबें वाचलें. डेव्हीची उपपत्ति अगदीं बरोबर ठरली, आणि तरीही प्रयोग फसला. कारण तांबें झिजेना तेव्हां त्याचें विष पाण्यांत उतरेना. जहाजांच्या तळांना शिंपले व शेवाळ लगडले आणि जहाजें मंदावलीं. धातू वाचवावा तर जीव माजतात, हा पेंच यंत्रशाळेंतील रसायनज्ञापुढें आजही थोड्या निराळ्या रूपानें उभा असतो.

आय. बी. एम. कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांतच आपल्या मोठ्या यंत्रांत पाणी आणलें. मात्र तें चिप्सना शिवणार नाहीं अशी खबरदारी ती घेई. सेमूर क्रे याचा स्वभाव निराळा. त्याच्या १९७६ च्या क्रे-१ यंत्रांत फ्रेऑन वायु खेळविला होता. त्याच्यांत मिसळलेलें वंगण सांध्यांतून झिरपून पाट्यांवर पसरूं लागलें आणि त्यापायीं पहिलें यंत्र लांबणीवर पडलें. एखादा मनुष्य यावरून शहाणा होऊन द्रवापासून दूर राहिला असता. क्रे यानें १९८५ च्या क्रे-२ मध्यें सारीं मंडलेंच द्रवांत बुडविलीं!

हा द्रव म्हणजे थ्री एम कंपनीचें फ्लुओरिनर्ट. पाण्याच्या पावणेदोन पट जड, रंगहीन, आणि विजेस मुळींच वाट न देणारा. तो पाट्यांमधून सेकंदास सुमारें एक इंच इतक्या संथपणें वाहे, आणि शेजारच्या पारदर्शक टाक्यांत तो खळाळतांना दिसे. म्हणून लोक त्या यंत्राला लाडानें बुडबुडे म्हणत. दुरुस्ती करावयाची तर आधीं सारा द्रव उपसून ठेवावा लागे. हा द्रव नेहमींच्या उष्णतामानांत निरुपद्रवी खरा. पण ठिणगी पडून तो फारच तापला तर त्याचें विघटन होऊन अतिशय विषारी वायु व दाहक आम्ल निर्माण होऊं शकतें. डोळ्यांना स्वच्छ दिसणें ही अशा द्रवाची परीक्षाच नव्हे. या जातीचीं द्रव्यें माती-पाण्यांत वर्षानुवर्षें नाश न पावतां राहतात, अशी ओरड पुढें वाढली, आणि डिसेंबर १९२२ नव्हे, तर अगदीं परवां, डिसेंबर २०२२ मध्यें, थ्री एमनें त्यांचें उत्पादन २०२५ अखेर सोडण्याचें जाहीर केलें. एकाच कारखान्याच्या द्रवावर ज्यांनीं यंत्रें बेतलीं, त्यांना नव्या शोधास लागणें भाग पडलें.

आज बहुतेक ठिकाणीं चिपवर तांब्याची पोकळ पाटी बसवून तिच्यांतून पाणी व प्रॉपिलिन ग्लायकॉल यांचें मिश्रण फिरवितात. ग्लायकॉल सामान्यतः शेंकडा २५. पुण्यांत आयसर संस्थेंत २०१९ सालीं आलेला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेंच निवविला जातो. पाटीच्या आंतील वाटा केसाएवढ्या बारीक असल्यामुळें द्रव गाळणीतून जावा लागतो. मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून मोठा कण पुढें जाऊं द्यावयाचा नाहीं, असा सर्वसाधारण दंडक. ग्लायकॉल पुरेसें असलें तर जंतु वाढत नाहींत. पातळ झालें तर तेंच त्यांचें अन्न होतें. तांब्यावर ॲझोल वर्गांतील द्रव्यांचा अगदीं सूक्ष्म थर बसवितात. घरच्या भांड्याची कल्हई समजा. आणि कल्हईसारखीच तीही सरते.

मग परीक्षा कशाची? शाळेंतील लिटमसचा कागद ज्यांना आठवत असेल, त्यांना पहिली कसोटी सांगावयास नको. आम्लता मोजण्याचा पीएच हा आंकडा १९०९ सालीं सोरेनसन यानें कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत, म्हणजे बीअरच्या कारखानदाराच्या आश्रयानें, काढला. ग्लायकॉल जुनें झालें कीं त्याचीं आम्लें बनतात व हा आंकडा उतरतो. विद्युद्वाहकता वाढली तर बाहेरचे क्षार शिरले असें समजावें. तांब्याचा अंश वाढला तर कल्हई सरली. प्रकाश किती वांकतो यावरून ग्लायकॉलचें प्रमाण कळतें. जंतूंची मोजणी मात्र सामान्यतः त्यांना वाढूं देऊन करीत असल्यामुळें तिला दोन-तीन दिवस लागतात.

माझ्या मतें सर्वांत घातक संवय म्हणजे पातळी खालीं गेली कीं साधें पाणी ओतून मोकळें होणें. त्यानें ग्लायकॉल पातळ होतें, कल्हईचें द्रव्य विरळ होतें, आणि गळती कोठें आहे हा प्रश्नही बुडून जातो. नमुना घेण्यांतही शिस्त लागते. तोटींत साचलेला द्रव आधीं सोडून द्यावा, बाटली स्वच्छ असावी, ती कांठोकांठ भरून लगेच बंद करावी, आणि जागा व तारीख तिच्यावर तेथेंच लिहावी. यंत्र प्रथम भरलें त्या दिवशींच्या द्रवाची परीक्षा नोंदवून ठेवतात. पुढील प्रत्येक बाटलीचे आंकडे त्या पहिल्या नोंदीशीं ताडून पाहिले जातात.