वहीच्या मागच्या पानावरचा वेताळ: पेन्सिलीची चित्रं पुरावा कधी ठरतात?

कॉमिक्सच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं की आपण लगेच छापील गोष्टींकडे धावतो. प्रकाशक कोण, पहिला अंक कधी निघाला, चित्रकार मुलाखतीत काय म्हणाला, एवढं गोळा केलं की एक प्रकरण उभं राहतं. वाचक मात्र त्यात कुठेच नसतो. खरं तर वाचकानेही काहीतरी मागे ठेवलेलं असतं: आवडत्या नायकाचं, नटाचं किंवा खेळाडूचं पेन्सिलीने काढलेलं चित्र. असं चित्र इतिहासाचा पुरावा म्हणून वापरता येईल का, आणि त्यातून नेमकं काय सिद्ध होईल, एवढाच प्रश्न आज घेऊ.

आधी पेन्सिलीबद्दल थोडं. छापील कॉमिक्सची सुरुवातही पेन्सिलीनेच व्हायची. पण कच्च्या रेषांवर शाई फिरायची, पेन्सिल खोडली जायची आणि वाचकाच्या हाती यायची ती शाईची पक्की रेष. चाहत्याचं चित्र मात्र बऱ्याचदा पेन्सिलीवरच थांबतं. त्यामुळे छापील पानात जे पुसलं गेलेलं असतं, ते इथे शिल्लक राहतं. कागद तिरप्या उजेडात धरून बघा. खोडलेल्या हाताची दाबखूण दिसते, दोनदा बदललेली हनुवटी दिसते. मापासाठी पाडलेले चौकोन दिसले, तर चित्र मोजून उतरवलंय हे कळतं. रेषेचा दाब सगळीकडे सारखा असेल आणि आकार छापील चित्राशी तंतोतंत जुळत असेल, तर खाली मूळ पान ठेवून गिरवलं असण्याची शक्यता धरावी लागते.

आता पुराव्याच्या तीन अवस्था बघू. प्रत्येक अवस्थेत आपल्याला वेगळं विधान करता येतं.

पहिली अवस्था: आठवण आहे, चित्र नाही. आर. के. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ मध्ये म्हैसूरचा. लहानपणी ‘द हिंदू’मध्ये अधूनमधून येणारी डेव्हिड लो यांची व्यंगचित्रं ते बघत. लो यांची सही ते कितीतरी दिवस ‘काऊ’ अशी वाचत होते, असं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय. घरातल्या जमिनीवर, भिंतींवर, दारांवर ते चित्रं काढत. आता जमिनीवरचं चित्र संग्रहालयात कुठून येणार? म्हणजे लो यांच्या रेषेतलं त्या मुलाने काय उचललं, हे त्या काळातली चित्रं समोर ठेवून तपासता येत नाही. पण सहीची ती गंमत आपल्याला एक गोष्ट सांगते: नाव नीट कळण्याआधी चित्र आवडलेलं होतं. एवढं विधान आपण करू शकतो. ‘लक्ष्मण यांची शैली बालपणीच लो यांच्या वळणावर गेली’ असं लिहायचं असेल, तर आठवण पुरेशी नाही, त्यासाठी चित्रंच लागतील.

दुसरी अवस्था: एखादाच कागद उरलाय आणि त्याच्याभोवती पुष्कळ आठवणी आहेत. जो शुस्टर १९१४ मध्ये टोरांटोत जन्मला आणि अमेरिकेत क्लीव्हलंडला वाढला. घरची परिस्थिती बेताची, म्हणून सामान बांधायचा कागद, भिंतीला लावायच्या कागदाची मागची बाजू, मिळेल त्यावर तो चित्रं काढायचा. वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिका आणि डग्लस फेअरबँक्सचे मूकपट ही त्याची आवड. १९३३ मध्ये त्याने आणि त्याचा मित्र जेरी सीगल याने ‘द सुपरमॅन’ नावाचं एक कॉमिक तयार केलं. प्रकाशकाने ते घेतलं नाही. चिडून शुस्टरने पानं नष्ट केली, आणि वाचलं ते फक्त मुखपृष्ठ. त्यावरच्या नायकाच्या अंगावर आपल्या ओळखीचा झगा नाही, छातीवर अक्षरही नाही.

पुढे १९८३ मध्ये छापलेल्या एका मुलाखतीत शुस्टरने सांगितलं, की सुपरमॅनची उभं राहण्याची ढब आपण फेअरबँक्सवरून घेतली. वाचायला छान वाटतं, पण इथे थांबा. काढलेलं चित्र आणि सांगितलेली आठवण यांच्यात ५० वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात बरंच घडलंय. १९३८ मध्ये या दोघांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. १९४७ पासून ते हक्कांसाठी कोर्टात भांडले. निर्माते म्हणून नाव आणि वार्षिक मानधन मिळायला १९७५ साल उजाडलं. ज्या माणसाला आपलं कर्तेपण इतकी वर्षं सिद्ध करावं लागलं, त्याच्या आठवणीलाही त्या भांडणाचा स्पर्श झालेला असू शकतो. म्हणून आठवण खोटी ठरत नाही, पण ती तपासावी लागते. फेअरबँक्सच्या ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) किंवा ‘रॉबिन हूड’ (१९२२) मधली दृश्यं आणि १९३८ ची छापील पानं शेजारी ठेवायची, कमरेवरचे हात आणि फाकलेले पाय खरंच जुळतात का ते बघायचं. जुळले तर ‘ढब घेतली असावी’ असं म्हणायचं. ‘असावी’ हा शब्द गाळू नका, व्हायव्हात तोच तुम्हाला वाचवतो.

तिसरी अवस्था आपल्या सगळ्यात जवळची: चित्र आहे, पण काढणाऱ्याचं नाव नाही. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० पर्यंत चाललं. ली फॉक यांचा फँटम त्यातून आपल्याकडे वेताळ होऊन आला. समजा, जुन्या वहीच्या मागच्या पानावर तुम्हाला वेताळाचं पेन्सिलचित्र मिळालं. तारीख नाही, सही नाही. तरी कागद बोलतो. चित्राखाली ‘डेंकाली’ लिहिलेलं असेल, तर मुलाने भारतीय आवृत्ती वाचली असण्याचा संभव मोठा, कारण मूळ मालिकेतल्या बंगालाच्या जंगलाला ‘इंद्रजाल’ने हे नाव दिलं होतं. शेजारी कुर्ता आणि जीन्स घातलेला बहादूर असेल, तर ते पान १९७६ च्या आधीचं असू शकत नाही, कारण आबिद सुरती यांचा बहादूर त्याच वर्षी आला. नंतरचं मात्र कितीही असू शकतं. अंक बंद पडले तरी रद्दीच्या दुकानातून आणि मित्रांच्या अदलाबदलीतून ते फिरतच राहिले. म्हणजे आपल्याला अलीकडची एक हद्द मिळते, पलीकडची मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम फरक शोधण्याचं. मूळ चौकट मिळवा आणि चित्राशेजारी ठेवा. काय गाळलंय? मागचं जंगल, संवादाचा फुगा की घोडा? काय वाढवलंय? हुबेहूब उतरलेल्या भागातून हाताचं कसब कळतं. बदललेल्या भागातून मात्र त्या वाचकाला काय महत्त्वाचं वाटलं, याचा अंदाज बांधता येतो. अर्थात, घोडा जमला नाही म्हणून गाळला की नको होता म्हणून, हे एका चित्रावरून ठरवता येत नाही. घोडा काढून खोडल्याची दाबखूण दिसली, तर मात्र प्रयत्न झाला होता हे नक्की.

आता मूळ मुद्दा. लक्ष्मण आणि शुस्टर यांच्या बालपणीच्या चित्रांची चौकशी आपण करतो, कारण पुढे ते मोठे झाले. बाकीच्यांच्या वह्या रद्दीत जातात. परिणाम असा होतो, की चाहत्यांच्या चित्रांचा इतिहास म्हणजे ‘नक्कल करता करता चित्रकार झालेल्यांचा’ इतिहास ठरतो. पण वेताळ काढणारी बहुतेक मुलं चित्रकार झाली नाहीत. कुणी बँकेत लागलं, कुणी शेती बघितली, आणि कितीतरी मुलींची पेन्सिल लग्नानंतर सुटली असेल. त्यांना तो नायक का आवडला, या प्रश्नाचं उत्तर यशाच्या कहाणीतून मिळणार नाही. उरलेल्या नमुन्यावरून सगळ्यांबद्दल बोलणं ही संशोधनातली जुनी फसगत आहे, आणि इथे ती सहज होते.

म्हणून एक विनंती. अशी वही हाती आली, तर चित्राचं पान फाडून घेऊ नका. मागचं गणित, वहीचं वेष्टन, शेजारच्या पानावरची तारीख हाही पुरावाच आहे. बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा. सेलोटेप लावू नका, रेषेवर बोट फिरवू नका, पेन्सिल लगेच फिसकटते. वही कुणाकडून मिळाली, कधी मिळाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. काढणारी व्यक्ती हयात असेल, तर परवानगी घ्या आणि आधी चित्र दाखवून मोकळं बोलू द्या, तुमचा निष्कर्ष तिच्या तोंडी घालू नका. अशा वीस वह्यांची नीट नोंद झाली, तरी एम.ए.च्या प्रबंधिकेला पुरेल एवढं काम उभं राहील. मात्र वह्या शोधायला दिवाळीच्या साफसफाईआधी निघा.