अमेरिकन हायस्कूल आणि एका पेन्शनची गोष्ट

अमेरिकेत दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा नसते. मग तिथली पोरं शाळेतून सुटतात कशी? एका शब्दात उत्तर द्यायचं तर क्रेडिट. नववी ते बारावी ही चार वर्षं म्हणजे हायस्कूल. त्यात अमुक वर्षं इंग्रजी, तमुक वर्षं गणित, इतकं विज्ञान, इतका पीटीचा तास अशी एक यादी असते. एकेक विषय पास झाला की त्याचं क्रेडिट खात्यात जमा. यादी भरली की डिप्लोमा हातात. हे वाचायला सोपं वाटतं, पण कुठल्या वर्षी कुठला विषय घ्यायचा हे नववीत शिरतानाच ठरवायला लागायचं, आणि ते ठरवायचं मुलाने आणि त्याच्या आईबापांनी.

माझी एक मामेबहीण कॅलिफोर्नियात असते. तिची मुलगी यंदा नववीत जाणार. ताई आणि दाजी दोघंही महाराष्ट्र बोर्डाचे. म्हणजे विषय निवडणे हा प्रकार दोघांनी आयुष्यात एकदाच केलेला, दहावीनंतर: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स. त्यामुळे शाळेने पाठवलेला जाडजूड कोर्स कॅटलॉग बघून दोघंही गांगरले आणि ती फाईल माझ्याकडे आली. ("तू रिक्वायरमेंट वाचायचाच पगार घेतोस ना?" इति दाजी.) गेले तीन शनिवार आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर एक एक्सेल शीट उघडून बसतोय.

आता सवय वाईट. कुठलीही जुनी सिस्टीम समोर आली की मला आधी हे बघावंसं वाटतं की ही मुळात बांधली कुणी आणि कशासाठी. शोधत गेलो तर सापडली ती एका पेन्शनची गोष्ट.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हायस्कुलं भराभर निघत होती, पण कशात काही मेळ नव्हता. प्रत्येक कॉलेजची प्रवेशाची अट वेगळी. एका गावातल्या हायस्कूलने पोरांना नक्की काय शिकवायचं हा प्रश्नच होता. म्हणून १८९२ साली तिथल्या नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने दहा जणांची एक समिती नेमली. तिचं नावच 'कमिटी ऑफ टेन'. अध्यक्ष होते हार्वर्डचे चार्ल्स एलियट. हा मूळचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक. १८६९ ते १९०९ अशी तब्बल ४० वर्षं हार्वर्डचा अध्यक्ष होता, आणि विद्यार्थ्याला विषय निवडू द्यावेत यासाठी त्याने तिथे जन्मभर खटपट केली.

या समितीने १८९३ साली अहवाल दिला. त्यात हायस्कूलसाठी चार अभ्यासक्रम सुचवले होते. पण मला त्यातलं एक म्हणणं फार महत्त्वाचं वाटतं. ते असं की एखादा विषय शिकवायचा तर तो सगळ्यांना सारखाच शिकवा. कॉलेजला जाणाऱ्याला एक बीजगणित आणि दुकानात बसणाऱ्याला दुसरं, असं करू नका. १८९३ च्या मानाने हे भलतंच पुढचं होतं.

पण अहवाल लिहिला म्हणून कुणी ऐकत नाही. ऐकायला लावलं ते पैशाने.

अँड्र्यू कार्नेगी हा पोलादसम्राट. १९०१ साली त्याने आपली कंपनी विकली आणि मग पैसे वाटायला बसला. कॉलेजच्या प्राध्यापकांचे पगार इतके तुटपुंजे होते की म्हातारपणी त्यांचे हाल व्हायचे. १९०५ साली कार्नेगीने त्यांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर काढून दिले आणि कार्नेगी फाउंडेशन स्थापन झालं. प्रमुख होते हेन्री प्रिचेट, आधी एमआयटीचे अध्यक्ष.

आता खरी गंमत. पेन्शन 'कॉलेज'च्या प्राध्यापकांना द्यायची, पण कॉलेज म्हणायचं कशाला? तेव्हा अनेक संस्था हायस्कूलच्या दर्जाचं शिकवून स्वतःला कॉलेज म्हणवत. म्हणून फाउंडेशनने अटी घातल्या. किमान सहा प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा, संस्था धर्मपंथाच्या ताब्यात नको (या अटीपायी काही कॉलेजांनी चर्चशी असलेला संबंधसुद्धा सोडला!) आणि प्रवेश देताना विद्यार्थ्याकडे हायस्कूलची किमान १४ 'युनिट' हवीत. युनिट म्हणजे काय? एक विषय, वर्षभर, आठवड्यातून पाच तास. सगळे मिळून साधारण १२० तास.

झालं! पेन्शन पाहिजे म्हणून कॉलेजांनी अट घातली, कॉलेजात पोरं जायला हवीत म्हणून हायस्कुलांनी आपले विषय त्या मापात कापले. काही वर्षांत देशभरातली जवळपास सगळी हायस्कुलं 'कार्नेगी युनिट'मध्ये बोलायला लागली. मूळ पेन्शनची योजना काही टिकली नाही. खर्च परवडेना, म्हणून १९१८ मध्ये विम्याच्या धर्तीवर दुसरी संस्था काढावी लागली. पण युनिट मात्र राहिलं. आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. मूळ प्रोजेक्ट बंद पडतं, पण त्यासाठी ठरवलेला डेटा फॉरमॅट पुढच्या पिढ्यांच्या मानगुटीवर बसतो. :-)

आपल्याकडे काय झालं होतं? मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे इथेही विद्यापीठाच्या दारातली अटच शाळेचा अभ्यासक्रम ठरवायला लागली. फरक इतकाच की आपण तीन तासांच्या पेपरात मिळालेले मार्क मोजायला लागलो आणि ते बाकावर बसलेले तास. आपल्याकडे एका मार्च महिन्यावर सगळं ठरतं. त्यांच्याकडे चार वर्षांत थोडं थोडं ठरत जातं, आणि म्हणून ते पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढे अमेरिकेत हायस्कूलची लाटच आली. १९१० साली अठरा वर्षांच्या मुलामुलींपैकी जेमतेम ९ टक्के हायस्कूल पास होत, १९४० पर्यंत हा आकडा ५० टक्क्यांच्या आसपास गेला. एवढी सगळी मुलं काही कॉलेजला जाणार नव्हती. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळाला. १९१८ च्या एका गाजलेल्या अहवालात हायस्कूलची सात उद्दिष्टं सांगितली, त्यात आरोग्य, नागरिकत्व आणि फावल्या वेळाचा चांगला उपयोगसुद्धा होता. विषय वाढत गेले. आणि कोणत्या पोराने काय घ्यावं हे सांगणारा माणूस, म्हणजे कौन्सेलर, शाळेत आला. एलियटला नको होतं नेमकं ते व्हायला लागलं: ह्याचं गणित वेगळं आणि त्याचं वेगळं.

युनिट मोडून बघायचा एक मोठा प्रयोगही झाला. १९३० च्या दशकात सुमारे तीस शाळांना यादीतून सूट दिली. जवळपास ३०० कॉलेजांनी मान्य केलं की या शाळांच्या मुलांकडे आम्ही युनिट मागणार नाही. मग या शाळांतून कॉलेजात गेलेल्या १,४७५ मुलांची नेहमीच्या शाळांतल्या तशाच मुलांशी जोडी लावून तुलना केली. सूट मिळालेली मुलं कुठे कमी पडली नाहीत, उलट थोडी सरसच ठरली. 'एट इयर स्टडी' म्हणतात याला. निष्कर्ष छापून आले १९४२ मध्ये. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेली होती, आणि वाचायला वेळ कुणाला होता? यादी जिथल्या तिथे.

नंतर दोनदा जोराचा धक्का बसला. पहिला ४ ऑक्टोबर १९५७ ला, रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा. १९५८ च्या कायद्याने गणित-विज्ञानाला आणि शाळेतल्या कौन्सेलरलाही पैसा मिळाला. हार्वर्डचेच माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ साली सुचवलं की दर २५० ते ३०० मुलांमागे एक पूर्णवेळ कौन्सेलर असावा. (देशाची सरासरी आजही २५० च्या वरच आहे.) दुसरा धक्का १९८३ चा, 'अ नेशन अ‍ॅट रिस्क' हा अहवाल. त्याने सांगितलं: इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, विज्ञान ३, सामाजिक शास्त्रं ३ आणि कॉम्प्युटर सायन्स अर्धं वर्ष. १९८३ साली हो! मग राज्याराज्यांनी आपापल्या याद्या वाढवल्या.

इतका इतिहास सांगायचं कारण असं की ताईकडच्या शीटमध्ये एक नाही, दोन याद्या निघाल्या. आणि दोघींचे मालक वेगळे.

पहिली यादी कॅलिफोर्निया राज्याची, डिप्लोमासाठी: इंग्रजी ३ वर्षं, गणित २, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं ३, पीटी २, आणि कला, परकी भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यातलं काहीतरी १. एकूण १३. डिस्ट्रिक्ट त्यात आपली भर घालतं ते वेगळंच. दुसरी यादी राज्याच्या सरकारी विद्यापीठांची. तिला 'ए-जी' म्हणतात: इतिहास २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १, ऐच्छिक १. एकूण १५. पहिलीत डी ग्रेड मिळाली तरी विषय सुटतो. दुसरीत सी किंवा त्याहून वर लागते. शिवाय तो कोर्स विद्यापीठाने त्या शाळेसाठी मंजूर केलेल्या यादीत असायला हवा.

म्हणजे एखादं पोर हायस्कूल व्यवस्थित पास होतं, टोपी उडवून फोटो काढतं, आणि तरीही विद्यापीठात अर्ज करायला पात्र नसतं. शाळेने काही फसवलेलं नसतं. शाळेने तिची यादी पूर्ण करून घेतलेली असते. दुसरी यादी बघायचं काम कुणाचं, हे मात्र कुठेच ठळक लिहिलेलं नसतं. ज्या घरात आईबाप त्या शाळांत शिकलेले नाहीत, तिथे हे बाराव्या वर्षी कळतं. तेव्हा भाषेची दोन वर्षं कुठून आणणार?

आम्ही शीटमध्ये दोन्ही याद्या एकत्र केल्या. तिच्या शाळेत रोज सहा तास, म्हणजे चार वर्षांत २४ जागा. इंग्रजी ४, गणित ३, सामाजिक शास्त्रं ३, विज्ञान २, भाषा २, कला १, पीटी २, ऐच्छिक १. झाले १८. उरल्या सहा. मग विद्यापीठाची 'शिफारस' आली: गणिताचं चौथं वर्ष, विज्ञानाचं तिसरं, भाषेचं तिसरं. उरल्या तीन.

आणि इथे घरात वाजलं. भाची व्हायोलिन वाजवते. तिला चारही वर्षं ऑर्केस्ट्रा हवा. एक वर्ष कलेत धरलं जातं, बाकीची तीन वर्षं म्हणजे त्या तीन जागा. दाजींना हवं होतं कॉम्प्युटर सायन्स. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दाजींना वाटलं असणार की आयटीवाला आपल्या बाजूचा.

मी दाजींना एवढंच म्हटलं की, अट आणि शिफारस यांचे कॉलम वेगळ्या रंगाचे करू या. अट ही पाळायचीच. शिफारस ऐकायची, आणि मग स्वतःचं डोकं वापरायचं. शिवाय काही शाळांचे कॉम्प्युटर सायन्सचे कोर्स ए-जी यादीत गणिताखाली किंवा विज्ञानाखाली मंजूर असतात. तसा असेल तर एकाच जागेत दोन कामं होतात. भाची लगेच म्हणाली, "मामा, मग स्पॅनिशचं तिसरं वर्ष पण शिफारसच आहे ना?" दाजी गप्प. शाळेची मंजूर यादी तिनेच उघडून तपासायची आणि कौन्सेलरला भेटायची वेळही तिनेच घ्यायची असं ठरलं. ऑर्केस्ट्रा शीटमध्ये चारही वर्षं लिहिलेला आहे, तो तिने ठळक केलाय.

आपल्याला यात इतका रस कशाला, असं कुणी म्हणेल. तर २०२० च्या नव्या शिक्षण धोरणानंतर आपल्याकडेही क्रेडिट आलेलं आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १,२०० तास आणि ४० क्रेडिट असा हिशेब मांडलाय, आणि शाळाही त्यात येतात. म्हणजे मार्क मोजणारे आपण आता तासही मोजणार. अमेरिकेत २००५ साली न्यू हॅम्पशायरसारख्या राज्याने तासांऐवजी मुलाला येतं काय ते बघून क्रेडिट द्यायचं ठरवलं. खुद्द कार्नेगी फाउंडेशनने २०१५ च्या अहवालात स्वतःच्याच युनिटची मर्यादा मान्य केली, पण त्याला पर्याय अजून तयार नाही असंही सांगितलं.

तोवर ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचं पोर आहे, त्यांनी एवढंच बघावं. समोरची प्रत्येक अट कुणी घातली आहे आणि ती कुणाच्या सोयीची आहे, हे आधी विचारावं. बहुतेक अटी कॉलेजच्या सोयीसाठी जन्मल्या आहेत, एक तर चक्क पेन्शनच्या हिशेबासाठी. त्या पाळायला हव्यातच, नाहीतर दार उघडत नाही. पण चोवीसातल्या ज्या पाच-सहा जागा उरतात, त्यांच्यावर कुणा समितीने काही लिहिलेलं नाही. त्या भरताना पेन पोराच्या हातात द्यावं.