आठवा दिवस

हिंदीतले ‘टीकाकरण’ मराठीत आणताना ‘लसीकरण’ लिहून मी पुढे जाते. पण ‘लस’ म्हणजे मुळात फोडातून पाझरणारे पाणी, आणि एकोणिसाव्या शतकात ते यायचे दुसऱ्या मुलाच्या दंडातून.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी काढल्या. (मराठीत रोगही देवी आणि टोचणेही देवी काढणेच.) भारतातली ही पहिली यशस्वी टोचणी. बगदाद, बसऱ्यामार्गे आलेली लस तिच्या दंडावर धरली आणि तिथून इतर मुलांकडे गेली. इथल्या उन्हाळ्यात लस फार टिकत नसे, म्हणून मूल हीच तिची कुपी. टोचल्यावर आठवड्याने मूल परत आणायचे, फोड उघडायचा, पुढच्याला टोचायचे.

नेमके त्याच दिवशी आईबाप मूल घेऊन यायचे नाहीत. सरकारी अहवालांनी याला अज्ञान, अंधश्रद्धा म्हटले. मला ते सोयीचे भाषांतर वाटते. सुजलेला दंड पुन्हा दुखवायचा, तोही परक्याच्या मुलासाठी. आपल्या मुलात कोणत्या घरची, कोणत्या जातीची लस आली, हेही कळत नसे. जातीचा विटाळ बाजूला ठेवला, तरी अशा टोचण्यांतून उपदंश पसरल्याचे युरोपातल्या डॉक्टरांनीच नोंदवले होते. तरीही १८७७ मध्ये मुंबई शहरात सक्तीचा कायदा झाला.

पुढे वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली. मुलांचे दंड सुटले, आणि गाईवरून नव्या तक्रारी सुरू झाल्या.