शेण, काव आणि तांदळाचं पाणी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाला कापडी पिशव्यांचं काम मिळालं. आम्ही बारामती एमआयडीसीत शिवणकामाला जाणाऱ्या बायका, त्यामुळं शिलाईचं काही वाटलं नाही. पण गिऱ्हाइकाला पिशवीवर वारली चित्रं हवी होती. त्रिकोणाची माणसं, गोल फेर, मधे तारपा वाजवणारा. मोबाइलवर बघून आम्ही ती काढली, पैसेही आले. मग एक दिवस आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, "हे मूळचं काढतं कोण गं? गडीमाणसं का बायामाणसं?" कुणालाच सांगता येईना. त्या एका प्रश्नामागं जाऊन जे कळलं, ते आज सांगतो.

वारली लोकांची वस्ती पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूला. त्यांच्या घरात लग्न असलं की आतल्या भिंतीवर चौक काढतात आणि त्यात पालघाट देवी असते. चौक "काढायचा" नाही, "लिहायचा" असं ते म्हणतात. आणि तो लिहायचा सवासिनींनीच. धवलेरी म्हणजे लग्नविधी चालवणारी बाई, ती गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, बायामाणसंच.

सामान तर आपल्या घरातलंच. कुडाची भिंत माती आणि शेणानं लिंपलेली, त्यावर गेरू, ज्याला आपण काव म्हणतो. रंग एकच, पांढरा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. लग्न झालं, दिवस गेले, पुढच्या लिंपणात चित्र पुसलं जायचं. त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही, कारण ते जपून ठेवायला काढलेलंच नसायचं.

चित्रकलेच्या शाळेत जलरंगात शाई, खडू, माती, चिकटवलेला कागद असं काही मिसळलं की त्याला मिश्र माध्यम म्हणतात आणि तो नवा प्रयोग समजतात. आम्हाला हसू आलं. अजिंठ्याच्या लेण्यांतही खडकावर माती, भाताचा तूस, गवत यांचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वर सरसात कालवलेले रंग. जलरंग म्हणजे तरी काय, रंगाची पूड, पाणी आणि डिंक. दुकानातल्या रंगाच्या डबीत जो डिंक असतो, तो सुदानकडच्या झाडाचा, आपल्या बांधावरच्या बाभळीच्या भाऊबंदातला.

आम्हीही करून बघितलं. ड्रॉइंगच्या जाड कागदावर शेणाचा पातळ हात दिला, वाळल्यावर काव लावली, वर तांदळाच्या पाण्यानं रेघा ओढल्या. ओलं असताना काहीच दिसेना, वाळल्यावर पांढरं उठून आलं. फार आनंद झाला. पण कागद गुंडाळला आणि निम्मं चित्र ओट्यावर पडलं! भिंत वाकत नाही, कागद वाकतो. दुसऱ्या खेपेला बाभळीचा डिंक रात्री भिजत घालून, गाळून घातला, कावेतही आणि तांदळातही. मग धरलं. डिंक जास्त झाला तर चित्र चकाकतं आणि तडकतं, हेही तेव्हाच कळलं.

भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, त्याला एका मराठी चित्रकाराचा हात लागलाय. भास्कर कुलकर्णी त्यांचं नाव. १९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत, मधुबनीकडं पाठवलं. तिथल्या बायकाही लग्नाच्या खोलीच्या भिंती रंगवायच्या. त्यांना कागद द्यायचा, चित्रं विकत घ्यायची, म्हणजे घरात चार पैसे येतील. त्या बायकांनीही कागदाला शेणाचा हात दिला, म्हणजे भिंतीचा रंग आला. काजळीत डिंक कालवून शाई केली. पुढं त्यातल्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. नवऱ्यानं दुसरी बायको केलेल्या या गंगा देवी अमेरिकेला जाऊन आल्या आणि तिथलं त्यांनी चित्रात काढलं. कर्करोग झाला तेव्हा दवाखाना, उपचार, तेही काढलं.

१९७० नंतरच्या वर्षांत हेच कुलकर्णी वारल्यांकडं आले, कागद घेऊन. आणि इथं नाव झालं ते गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. लहानपणी आई गेल्यावर त्यांचं बोलणं थांबलं होतं, मातीत रेघा ओढून ते मनातलं सांगायचे. लग्न नसतानाही रोज चित्र काढणारा माणूस. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली ते वारले. त्यांच्या कागदावर मासे पकडायचं जाळं बघा, एकेक रेघ हलते. त्यांचा मान आम्ही कमी करत नाही.

पण प्रश्न राहतोच. तिकडं कागद आला आणि बायकांची नावं झाली. इकडं कागद आला आणि चित्रं काढायला गडीमाणसं पुढं आली. आम्हाला वाटतं, तिकडच्या बायका परदेशी जाईपर्यंत चित्रं घरात बसूनच काढायच्या आणि विकत घेणारा दारात यायचा. इकडं चित्र घेऊन मुंबई-दिल्लीला जावं लागलं असेल, आणि एसटीत बसून परगावी जायचं म्हटलं की घरातनं कोण निघतं, हे आपल्याला काही कुणी सांगायला नको. हा आमचा अंदाज आहे. आता वारली मुलीही कागदावर, कापडावर काढतात. पण ज्या आज्यांनी चौक लिहिले, त्यांच्यातल्या कितीजणींची नावं कुठं लिहिलेली आहेत?

आणखी एक गोष्ट कळली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ते नाव त्या समाजाचं आहे, कुणीही काढून "वारली" म्हणून विकायचं नाही. आमच्या पिशव्या मग कशात बसतात? गटात यावरून दोन बैठका वाजल्या. काहीजणी म्हणाल्या, सगळेच करतात. खरं आहे, करतात.

दिवाळीच्या कामाला आम्ही गिऱ्हाइकाला सांगितलं, वारली नको, आमचं घ्या. चैत्रांगणातली गौर, सूर्य-चंद्र, तुळस, नागपंचमीचा नाग. निम्मीच पिशव्यांची ऑर्डर मिळाली. कापडावर शेण चालत नाही, धुण्यात जातं, म्हणून तिथं दुकानाचाच रंग. पण कागदावर शेण, काव, तांदूळ आणि डिंक घालून आम्ही बारा चित्रं केली. खाली ज्या त्या बाईनं नाव लिहायचं ठरलं. मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी अंगठा कावेत बुडवून नागाच्या शेपटीशी उठवला, आणि म्हणाल्या, "आता पुसू नका."