जंतांवर सोडलेली बुरशी

बुरशी कुजकं खाते, अशी आपली समजूत. 1888 साली जर्मनीतल्या हाले इथं विल्हेल्म झोफ यांना सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच दिसलं. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा या बुरशीच्या फासांत जिवंत सूत्रकृमी अडकून तडफडत होते. मग बुरशीचे धागे कृमीच्या अंगात शिरून त्याला आतून फस्त करतात.

पन्नासेक वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या रूबो आणि देशियँ यांनी अशा शिकारी बुरशींना कामाला जुंपलं. मेंढ्यांच्या पोटातले जंतही सूत्रकृमीच. मेंढ्यांच्या चराऊ जागेवर त्यांनी बीजाणू पसरले आणि जंतांची लागण घटल्याचं नोंदवलं. पण गोष्ट तिथंच राहिली. 1961 मध्ये थायाबेंडाझोल हे जंतनाशक बाजारात आलं. औषध पाजलं की जंत पडतात, मग बुरशीच्या नादी कोण लागणार?

पुढं जंत औषधांना दाद देईनात. 1980 च्या दशकात कोपनहेगनमध्ये योर्न ग्रॉनवोल्ड, पीटर नानसेन यांनी ऑलिगोस्पोरा पुन्हा हाती घेतली. जंताची अंडी शेणातून बाहेर पडतात, अळ्या शेणातच वाढतात आणि मग गवतावर चढून पुढच्या जनावराच्या तोंडात जातात. तेव्हा बुरशी जनावरालाच खाऊ घातली, तर ती नेमकी शेणात पोचेल. विचार सरळ होता, अडचण पोटाची होती. ऑलिगोस्पोरा शिकारीत पटाईत, पण गुरांच्या पोटातून धडपणे बाहेर पडेना. तेव्हा मिकाएल लार्सन आणि सहकाऱ्यांनी क्रमच उलटा केला. आधी पोटातला प्रवास कोण सोसतं ते पाहायचं, शिकारीची परीक्षा नंतर. या कुळकथेतला खरा शोध मला हाच वाटतो.

या चाळणीतून वर आली डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स. इंग्लंडच्या डडिंग्टन यांनी 1949 मध्येच तिचं वर्णन केलं होतं, तेही दुसऱ्या प्रजातीत घालून. तिचे जाड भिंतीचे बीजाणू रवंथ आणि आम्ल झेलून शेणात उतरतात, रुजतात आणि चिकट जाळी विणतात. बऱ्याचशा अळ्या गवत गाठण्याआधीच त्यांत सापडतात. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात ‘बायोवर्मा’ नावानं तिची नोंदणी झाली.

पोटात आधीच ठाण मांडलेल्या जंतांना मात्र ती हातही लावत नाही. त्यांच्यासाठी औषध पाजावंच लागतं, आणि लागणीच्या दिवसांत बुरशी खुराकातून रोज द्यावी लागते.