दारात उभा माणूस काळा का दिसतो

नांदेडच्या मोंढ्यातली किंवा लातूरच्या गंजगोलाईतली जुनी दुकानं आठवा. रुंदी कमी, खोली जास्त, खिडकीचा पत्ता नाही. उजेड यायला एकच वाट, ती म्हणजे शटर. येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड दिसावं म्हणून कॅमेरा लावतात गल्ल्यामागच्या भिंतीवर, दाराकडे बघणारा. मे महिन्यात दुपारी एक वाजता त्या कॅमेऱ्याला काय दिसतं? एक पांढराफटक चौकोन आणि त्यात माणसाच्या आकाराचं काळं भोक.

माझ्या काकांच्या दुकानातही हेच आहे. रेकॉर्डिंगमध्ये कपाटाचं कुलूप दिसतं, गिऱ्हाईक मात्र ऊन उतरल्यावरच माणसासारखं दिसायला लागतं. काकांचं मत, कॅमेरा 'लोकल' आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे असल्या गोष्टींचा निवाडा घरी माझ्याकडे येतो, म्हणून हिशोब मांडतो. बाहेर रणरणतं ऊन म्हणजे सुमारे एक लाख लक्स. आत ट्यूबलाइटखाली दोनशे-तीनशे. त्यात बाहेर चुन्याची भिंत आणि आत सावळा चेहरा. दोन्हींतलं अंतर काही हजारपट होतं आणि साधा सेन्सर एका चित्रात साधारण हजारपटच सांभाळतो. मग कॅमेरा सरासरी काढतो. सरासरीत उन्हाचा वाटा मोठा, त्यामुळे चेहरा बुडतो. गोरा चेहरा जरा उशिरा बुडतो, आपल्याकडचे बहुतेक चेहरे आधी. (कोडॅकवाले कित्येक वर्षं फोटोचे रंग जुळवायला गोऱ्या बाईचं कार्ड वापरत होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) गंजगोलाईत तर सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे पूर्व-पश्चिम तोंडाचा कॅमेरा लावला की सकाळी नाहीतर संध्याकाळी सूर्य थेट भिंगात येणारच.

हे यंत्र मुळात दुकानासाठी नव्हतंच. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटची उड्डाणं सुरक्षित अंतरावरून बघता यावीत म्हणून वाल्टर ब्रुख या इंजिनिअरने बंदिस्त टीव्ही कॅमेरे बसवले होते. कॅमेरा घरात आणला तो मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय नर्सने. तिच्या वस्तीत गुन्हे वाढलेले, पोलीस वेळेवर येत नसत आणि अवेळी ती घरात एकटी असायची. १९६६ मध्ये तिने नवऱ्यासोबत पेटंटसाठी अर्ज केला. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांवरून सरकणारा कॅमेरा आणि आत टीव्हीचा पडदा. पेटंट १९६९ मध्ये मिळालं. घरातला हा कॅमेराही दारातच होता, बघा. त्याच वर्षी बेल लॅब्समध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी शोधला. त्याचं नोबेल मिळायला २००९ उजाडलं.

दारातल्या उन्हावर उत्तर आलं १९९० च्या दशकात. पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांनी एकाच क्षणाची दोन चित्रं घ्यायला सुरुवात केली. एक झटपट घेतलेलं, बाहेरच्या उन्हासाठी. दुसरं थोडं थांबून घेतलेलं, आतल्या सावलीसाठी. मग दोन्हींतलं चांगलं तेवढं जोडायचं. यालाच आज डब्ल्यूडीआर म्हणतात. खोक्यावर '१२० डीबी' लिहिलेलं असतं, म्हणजे हजारपटीच्या जागी दहा लाखपट. स्वस्त कॅमेऱ्यांवर मात्र बऱ्याचदा 'डिजिटल डब्ल्यूडीआर' असतं. त्यात दुसरं चित्र घेतलेलंच नसतं, असलेल्या चित्रातला काळा भाग फक्त उजळ करतात. सेन्सरमध्ये जे आलंच नाही, ते कुठलाच कोड आणू शकत नाही. काकांचा कॅमेरा या जातीचा.

रात्रीची गोष्ट वेगळी. अंधार पडला की कॅमेऱ्यातून 'टिक' असा आवाज येतो. भिंगामागची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकते, भोवतीचे एलईडी लागतात आणि चित्र काळं-पांढरं होतं. पावसाळ्यात त्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि सकाळी बघावं तर रात्रभर जाळंच रेकॉर्ड झालेलं. खरी अडचण त्याहून गंभीर आहे. डोळ्याला काळे दिसणारे बरेच सिंथेटिक कपडे इन्फ्रारेडमध्ये पांढुरके दिसतात. साक्षीदार म्हणतो काळा शर्ट, फुटेज म्हणतं पांढरा. यात कुणीही खोटं बोलत नसतं.

कुणाच्या तरी आयुष्याचा निकाल अशा चित्रावर लागायचा असतो, तेव्हा हे सगळं तांत्रिक राहत नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला दिवेलागणीच्या सुमाराला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. बेकरीच्या सीसीटीव्हीतला पाठीवर सॅक असलेला एक अस्पष्ट तरुण पुढे महिनोन् महिने टीव्हीवर फिरत राहिला. मे महिन्यात कर्नाटकातल्या एका तरुणाला दुसऱ्याच गुन्ह्यात मंगळूर विमानतळावर पकडलं आणि फुटेजमधला तो हाच, असं सांगितलं गेलं. घरचे म्हणत होते, त्या दिवशी तो गावात लग्नाला होता. स्फोटाच्या खटल्यात तो आरोपी झालाच नाही. सप्टेंबरमध्ये आमच्या भागाचं नाव आलं. मूळ बीडचा, लातूर जिल्ह्यात उदगीरला नेट कॅफे चालवणारा एक तरुण पकडला गेला. २०१३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कटाच्या आणि स्फोटाच्या आरोपांतून त्याला मुक्त केलं, स्फोटकं बाळगल्याबद्दलची शिक्षा कायम ठेवली. त्या निकालावर मत देण्याइतका कायदा मला कळत नाही. पण अस्पष्ट चेहऱ्याची रिकामी जागा भरायला माणसं किती आतुर असतात, हे त्या मे महिन्यात दिसलं. पिक्सेल कमी पडले की संशय पुढे येतो, आणि संशय कुणावर घ्यायचा हे बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं.

अंधारातल्या कॅमेऱ्याला आपल्याकडे कायद्याच्या भाषेत जागा मिळाली ती २ डिसेंबर २०२० रोजी. परमवीर सिंग सैनी खटल्यात न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. मुख्य दार, लॉकअप, व्हरांडे, स्वच्छतागृहांच्या बाहेरची जागा, काहीही सुटायला नको. कॅमेऱ्यांना नाइट व्हिजन हवं, आवाजही रेकॉर्ड व्हायला हवा. फुटेज १८ महिने जपायचं, तशी सोय बाजारात नसेल तर निदान एक वर्ष. वीज नसेल तिथे सौर किंवा पवन ऊर्जा वापरायची. रोजच्या लोडशेडिंगच्या दिवसांत वाढलेल्या माणसाला हे शेवटचं वाक्य वाचून जरा बरं वाटतं. पुढे ४ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला याच विषयाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या येत होत्या आणि ठाण्यांमधले कॅमेरे बंद असल्याचंही समोर येत होतं.

काकांच्या डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग जुनं पुसून त्यावर नवं चढतं. चोरीसाठी तेवढं पुरतं. कोठडीत मारहाण झालेला माणूस जामिनावर सुटून, वकील गाठून अर्ज करेपर्यंत पंधरा दिवस कधीच उलटलेले असतात. आणि लॉकअपची रचना बरीचशी मोंढ्यातल्या दुकानासारखीच असते. आत अंधार, समोर एकच गजांचं दार, दारापलीकडे उजेड. आदेशात रात्रीचा विचार आहे. दुपारी एक वाजता त्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसेल की नाही, हे टेंडर लिहिणाऱ्या बाबूवर सोडलेलं आहे.